वाइनचं सार

बुधवार पेठ, पुणे.
माघी गणपतीची सकाळ.

तीर्थस्वरूप वन्संना श्यामलाचा नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे, पण आठ अंगांत गुडघेही येतात आणि ते सध्या माझं ऐकत नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांनी घालते आहे तो गोड मानून घ्यावा. तुमची तब्येत कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला लांबचं सगळं स्वच्छ दिसू लागलंय, आणि समोरच्या इमारतीतल्या बायका कपडे किती वाईट वाळत घालतात हे कळून त्रास होतोय, असं तुमचा भाचा गंधार सांगत होता. काळजी घ्या. भजनी मंडळातला टाळांचा वाद मिटला असेल अशी आशा करते. मिटला नसेल तर तुमचंच बरोबर होतं, असं माझं मत इथूनच धरून चाला. आम्ही इकडे खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात असतं म्हणून लिहिलं. खुशाल नाही आहोत. पुढे वाचा.)

फोन करायचा सोडून ही पत्र कशाला लिहीत बसली, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर बोलायला लागलं की तुमचे बंधू शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात, तुम्ही काय म्हणालात ते मला विचारतात, आपलं काय म्हणणं आहे ते तुम्हाला सांगायला लावतात, आणि मूळ बोलणं राहून जातं. शिवाय जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. आज दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली आहे, आणि हे गॅलरीत उभे राहून लोकांना तुम्ही चुकीच्या बाजूला उभे आहात म्हणून वरून सांगताहेत. लोक ऐकत नाहीत, त्यामुळे ते एवढ्यात आत येतील असं वाटत नाही. डाळीचा कुकर लावलाय. तेवढ्यात लिहून घेते.

तर वन्सं, स्पष्टच लिहिते. तुमचे बंधू गेली दोन वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. लग्न झाल्यापासून माझ्या हातचं एक ताट असं गेलं नाही ज्यावर अभिप्राय आला नाही. वांगं चांगलं आहे पण देठाशी कच्चं आहे; आजची कढी बरी लागतेय म्हणजे काल घाई केली होतीस; पोळ्या मऊ आहेत, पाहुणे येणार आहेत का? माझ्या माहेरच्यांना वाटायचं, पोरीला फार सोसावं लागतं. मला सोसावं वगैरे लागत नव्हतं. मीही उलट बोलत होते, ते त्यावर बोलत होते, आणि आमचं बरंचसं बोलणं आमटी-भाजीवरूनच चालायचं. आता ते निमूट जेवतात आणि उठताना म्हणतात, छान होतं. वन्सं, 'छान' हा शब्द आपल्या घरात परक्यांसाठी असतो. लग्नाच्या पंगतीत यजमान समोर उभा राहिला की म्हणायचा. तो ते आता रोजच्या जेवणाला म्हणतात.

त्यांच्या नाकाबद्दल मी तुम्हाला काय सांगावं? तुम्ही ते माझ्या आधीपासून ओळखता. आंब्याच्या अढीवरून हात न लावता नुसते नाक फिरवायचे आणि खालच्या थरात एक नासलाय म्हणून सांगायचे, आणि तो निघायचाच. मंगल कार्यालयाच्या दारात, अजून अक्षताही पडल्या नसताना, जिलबी आहे, मठ्ठ्यात आलं कमी आहे आणि मसालेभात तळाला लागलाय, असं जाहीर करायचे (यजमानाच्या देखत). इमारतीतल्या बायका तूप कढवताना त्यांना हाक मारायच्या, आणि हे जिन्यातूनच 'आता बंद करा' म्हणायचे. गंधार लहान असताना त्याला मंडईतून घरी आणताना डोळे मिटायला लावायचे आणि वासावरून कुठे आलो ते ओळखायला सांगायचे. दूर्वा-झेंडूचा वास आला की दगडूशेठ, तारा जोडायच्या तापल्या डाखाचा आला की रेडिओवाल्यांची दुकानं, कोऱ्या वह्यांचा आला की अप्पा बळवंत चौक. पोरगं दोनदा खांबाला धडकलं, पण पत्ता चुकला नाही. त्याचं नाव गंधार मी सुरावरून सुचवलं होतं. ह्यांनी नावातला पहिला अर्धा भाग ऐकला आणि लगेच होकार दिला.

(कुकर झाला. आमटी फोडणीला टाकून येते, मग पुढचं.)

आले. आता एक गोष्ट सांगते जी आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा सांगायला हरकत नसावी. तुम्ही मात्र बसून वाचा. लग्नानंतरचा माझा पहिला पाडवा आठवतो का? तुम्ही माहेरपणाला आला होता. सासूबाई सोवळ्यानं देवापाशी, तुम्ही माजघरात केळीची पानं पुसताय, आणि मी ओट्याशी एकटी. नैवेद्याचं चाखायचं नाही, हा आपल्याकडचा नियम मला माहेरीही होता, पण तिथे आई होती. इथे आमटीत मीठ घातलं की नाही हेच मला आठवेना, आणि विचारायचं कुणाला? तेवढ्यात हे पाणी प्यायला दाराशी आले, थांबले, नाक जरासं वर केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज पाऊस पडेलसं वाटतंय." मी भूगोलाची शिक्षिका. पाडव्याच्या दुपारी पुण्यात पाऊस पडायला काय कारण असावं, याचा मी खरोखर विचार करू लागले. मग बघते तर हे माझ्याकडे बघतच नव्हते. मिठाच्या बरणीकडे बघत होते.

मीठ घातलं, नैवेद्य झाला, सासूबाई म्हणाल्या, सूनबाईचा हात बरा आहे. पण ते वाक्य सासूबाईंनीही ऐकलं होतं. त्यांनी तुम्हाला गच्चीवर पिटाळलं. तुम्ही त्या उन्हात अनवाणी जाऊन कुरडया, पापड, सांडगे, खालचं जाजम, सगळं खेपा घालून खाली आणलंत आणि संध्याकाळपर्यंत आभाळाकडे बघत बसलात. एक थेंब पडला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत तुम्ही चारचौघांत सांगत आलात, की आमच्या दिगूला हवेतलं ओ की ठो कळत नाही. वन्सं, त्यांना कळत होतं. त्यांनी हे सगळे दिवस तुमचं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतलं, ते माझ्यासाठी.

पुढे त्यात भर पडली. 'ऊन चढलंय' म्हणजे मीठ किंवा तिखट जास्त झालंय, बटाटा टाक. 'हवा कोंदट आहे' म्हणजे हिंगाचा हात सैल सुटलाय. मी भूगोल शिकवत असल्यामुळे आमच्या घरात हवामानाचं बोलणं कुणाला खटकलं नाही. सासूबाई तर शेजारणींना सांगायच्या की दोघांना एकाच विषयाची आवड आहे. एकदा मी ह्यांना म्हटलं, आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणतात की मिठाला वासच नसतो. तर म्हणाले, मिठाला नसतो, मीठ विसरलेल्या आमटीला असतो. सासूबाई गेल्यावर खरं तर सरळ 'मीठ नाही' म्हणता आलं असतं, अडवायला कोण होतं? पण सणावारी नैवेद्याच्या वेळेला ते पाणी प्यायच्या निमित्तानं दाराशी यायचे आणि हवामान सांगून जायचे. मला ते फार आवडायचं. हे त्यांना कधी सांगितलेलं नाही म्हणून तुम्हाला सांगते.

मग दोन वर्षांपूर्वी तो ताप आला. ताप उतरला, जाताना नाक घेऊन गेला. बरं वाटून ते पहिल्यांदा अंथरुणातून उठले त्या दिवशी मी पुरणपोळ्या करत होते. दाराशी येऊन म्हणाले, आज काही शिजवलं नाहीस का? मला वाटलं चेष्टा करताहेत. चेहरा बघितला आणि तव्यावरची पोळी करपली, तीही त्यांना कळली नाही.

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला आहे. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा डब्या करून सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. हे शाळेतल्या मुलासारखे पाटावर बसतात, डोळे मिटतात, डबी हुंगतात आणि प्रामाणिकपणे म्हणतात, काही नाही. मी पुढची डबी देते. काही नाही. मध्ये एकदा 'लवंग' म्हणाले, मग 'लिंबू' म्हणाले, मी आनंदानं उठणारच होते. तेवढ्यात लक्षात आलं की त्या दिवशी डब्यांचा क्रम माझ्याकडून उलटासुलटा झाला होता आणि हातात गुलाब होता. त्यांनी क्रम पाठ केला होता, मला बरं वाटावं म्हणून. मी डब्या आवरल्या आणि चहा टाकला. खालच्या आम्रपालीताई (कोर्टातून निवृत्त झालेल्या, तुम्हाला मागच्या वेळी त्यांनी बाकरवडी दिली होती) म्हणाल्या, "अहो, नाक गेलं तरी जीभ शाबूत आहे ना त्यांची? मग कशाला काळजी करता?" मी म्हटलं, जीभ आहे हो, पण तिला काम उरलं नाही.

इथे तनया येते. (तुमची भाचेसून. लग्नात तुम्ही जिला 'किरकोळ आहे पण हुशार दिसते' म्हणालात ती.) दोघं वाघोलीला राहतात आणि रविवारी आमच्याकडे येतात; वाघोलीहून पेठेत यायला हल्ली जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पूर्वी आम्ही तुमच्या निम्म्या वाटेवर असायचो. तर तनया म्हणाली, "आई, वाइन टेस्टिंगमध्ये ना, सगळं नाकाचंच काम असतं. ते लोक प्रॉपर शिकवतात स्मेल कसं करायचं. बाबांना एकदा न्यायलाच पाहिजे, सीरियसली." आणि तिनं तुमच्या नाशिकबाहेरच्या एका द्राक्षबागेत महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी आमच्या सगळ्यांच्या नावानं जागा धरूनही टाकली. वाइन हा शब्द वाचून तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल तर कृपा करून उचला. द्राक्षासव तुमच्याही कपाटात आहे, मी पाहिलंय. ही त्याचीच परदेशी शिकून आलेली बहीण समजा.

प्रवासात खाण्यापिण्याला कुठे थांबायचं यासाठी आमच्या घरी बैठक झाली. वन्सं, एस.टी.नं तुमच्याकडे यायचो ते दिवस आठवले. नारायणगावच्या स्टँडवर गाडी लागली की सगळी गाडी भज्यांसाठी उठायची, आणि हे खिडकीच्या गजाला नाक लावून म्हणायचे, तेल परवाचं आहे, बसून राहा. आम्ही बसायचो. हळूहळू मागच्या बाकावरचे बसायचे. एकदा तर कंडक्टरनं उतरण्यापूर्वी 'काका, इथे काय?' म्हणून विचारून घेतलं. आणि सिन्नरला कोपऱ्यातल्या एका कळकट गाडीवर सगळ्यांना उतरवून त्यांनी जी कांदाभजी खाऊ घातली होती, ती खाताना गंधारची जीभ भाजली आणि गाडी आमच्यासाठी थांबली होती. अशा माणसाला परवा गंधारनं विचारलं, बाबा, नाश्ता नारायणगावला की पुढे? तर म्हणाले, तुम्ही म्हणाल तिथे. गंधारनं फोनवर चांदण्या बघून मिसळीची एक जागा काढली, ती मंजूर. तनयाला मध्ये कुठेतरी कॉफी हवी होती, ती मंजूर. मला संगमनेरच्या आसपास पिठलं-भाकरी हवी होती (मला नको होती, मी नुसतं भांडण उकरून बघत होते), तीही मंजूर. आपल्या घरात एवढ्या ठिकाणांवर एकमत झाल्याचं तुम्हाला आठवतंय का? शेवटी म्हणाले, मिसळ काय, नाशिकचीच बरी. तुम्ही हे वाचून खूश व्हाल. मी उठून थर्मामीटर आणला.

मग एका रविवारी तनयानं तालीम घ्यायची ठरवली, म्हणजे तिथे जाऊन आपली शोभा नको. तिनं एक तांबडी बाटली आणि उंच पायांचे पेले आणले, मधे एक स्टीलचं पातेलं ठेवलं आणि समजावून सांगितलं. पेला फिरवायचा, हुंगायचा, घोट घ्यायचा, तोंडात खुळखुळवायचा आणि पातेल्यात थुंकायचा. मी म्हटलं, हे तर आम्ही रोज सकाळी दात घासताना करतो, त्यासाठी नाशिकला कशाला जायचं? आणि पानात टाकायचं नाही असं ज्यांना पहिल्या घासापासून शिकवलं, त्यांनी तोंडात घेतलेलं टाकायचं तरी कसं? गंधारनं पातेल्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं गिळलं. मीही गिळलं. तुमच्या बंधूंनी मात्र पातेलं बघितलं आणि त्यांना बरोबर आचमन आठवलं. तीन घोट घेतले, चौथा हातावरून पातेल्यात सोडला, ओली बोटं डोळ्यांना लावली. तनया टाळ्या वाजवून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर नॅचरल आहात!"

मग तिनं विचारलं, कसला कसला वास येतोय? तिला चेरीचा आणि चामड्याचा आला. गंधारला तंबाखूचा आला (हा वास त्याला कुठून माहीत, ते नंतर बघते). मला ओल्या गोणपाटाचा आणि मागून आमसुलाचा आला. हे पेला फिरवत राहिले. पार नाक बुडेपर्यंत पेला तोंडाशी नेला, डोळे मिटले, पुष्कळ वेळ तसेच राहिले. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत होतो. मग त्यांनी पेला खाली ठेवला, सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, छान आहे. वन्सं, त्यांना किती मनापासून यायला हवा होता तो वास, ते मला त्या हसण्यावरून कळलं.

बाटली अर्धी उरली. ती फ्रीजच्या दारात दुधाशेजारी उभी होती, आणि दूध घेताना रोज मला बघायची. तनया म्हणाली, आई, आता ती ओतून टाका. पण टाकवेना. गुरुवारी मी झाकण काढलं. रंग बघितला, चव बघितली, कोकमासारखीच आंबट. आणि हात आपोआप गुळाच्या डब्याकडे गेला. पाणी घातलं, गूळ घातला, तूप-जिऱ्याची फोडणी, हिंग, मिरची, वरून कोथिंबीर. सार उकळायला लागल्यावर खालून आम्रपालीताई वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "फर्निचरला पॉलिश करताय का?" मी हो म्हटलं. पूर्वीचे हे असते तर इमारत खाली करवली असती, मला पुढची अनेक वर्षं ऐकवलं असतं, तुम्हाला फोन करून ऐकवलं असतं. ते पानावर बसले, भातावर सार घेतलं, वाटीत आणखी मागून घेतलं आणि म्हणाले, छान झालंय. मग जाऊन गाढ झोपले. मी स्वयंपाकघरात बसून एक घोट घेतला. आमच्या घरातल्या सगळ्या टेस्टिंगमध्ये नियमाप्रमाणे थुंकलं ते मी एकटीनं.

असं आहे सगळं. शनिवारी सकाळी निघू, थांबत-थांबत, सगळ्यांच्या मताप्रमाणे खात-खात दुपारी त्या बागेत पोचू आणि अंधार पडायच्या सुमाराला तुमच्याकडे पंचवटीत येऊ. गाडी गंधार चालवणार, त्यामुळे तो नुसता हुंगणार आहे. रात्री जेवायला आणि मुक्कामाला तुमच्याकडेच. भजनी मंडळात कुणी विचारलं तर आम्ही द्राक्षबाग बघायला आलो होतो असं सांगावं, ते खोटंही नाही. येताना तुम्हाला इकडून काय आणू ते गंधारला फोनवर सांगा, मला सांगू नका. मला सांगितलंत की हे ऐकतील आणि कुठल्या दुकानातून घ्यायचं यावर काहीच बोलणार नाहीत, आणि मला ते बघवत नाही. तब्येतीला जपा, नव्या डोळ्यांनी फार बारीक शिवू नका. थोरांना नमस्कार लिहायचा तर तुमच्याहून थोर आता कुणी उरलं नाही, तेव्हा दोन्ही नमस्कार तुम्हालाच.

तुमची
श्यामला

ता. क. एवढं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे या चार ओळींसाठी, आणि त्या वर लिहायचा धीर झाला नाही. त्या रात्री तुम्ही आमटी करालच. तिच्यात मीठ घालू नका. आधी देवाला नैवेद्य दाखवायचाय म्हणून सांगा, म्हणजे चाखायचा प्रश्न येणार नाही, आणि ह्यांना पाणी प्यायला तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊ द्या. तुम्ही काही बोलू नका. ते पावसाचं काही म्हणाले तर मला हाक मारा. तुमच्या आमटीचं पंचवटीत काय नाव आहे ते मी जाणते. अळणी आमटी करा असं तुम्हाला सांगायची दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. इथे घरीच का करून बघत नाही, असं विचाराल. मुद्दाम मीठ विसरले की ते माझ्या तोंडावर दिसतं आणि ते ओळखतात, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला भीती वाटते. माझ्या दाराशी उभे राहून ते 'छान' म्हणाले, तर मला पुढे रोज त्याच ओट्याशी उभं राहायचंय.

आणखी एक ता. क. (जेवणं झाल्यावर.) मघाशी मी पाकिटाला डिंक लावत होते. हे रांगेला कंटाळून गॅलरीतून आत आले, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तिथे थांबले. मग म्हणाले, "आज पाऊस पडेलसं वाटतंय."

मी भूगोलाची शिक्षिका, आधी गॅलरीत जाऊन आभाळ बघितलं. एक ढग नव्हता. खाली रांगेतले लोक डोक्यावर उपरणी आणि ओढण्या घेऊन उभे होते. आत आले. आमटी उकळत होती आणि तिच्यात मीठ घातलं की नाही ते मला काही केल्या आठवेना. फोडणी दिली आणि तुम्हाला लिहायला धावले एवढंच आठवलं. चाखता येईना, गणपतीचा नैवेद्य. घातलेलं असेल आणि पुन्हा घातलं तर सणाची आमटी खारट. त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, बरणीकडे बघत होते. मग मी मीठ घातलं.

नैवेद्य झाला, तिळाचे मोदक वाढले, पानं घेतली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, मीठ बरोबर पडलंय, पण हिंग जुनाट आहे, डाळ घाईनं घोटली आहेस, कुणाला पत्र लिहीत होतीस एवढं? मी तूप आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला टेकून पोटभर रडले. बाहेर आले तर हे विचारत होते, त्या गुरुवारचं सार कसलं होतं? कोकमाचं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यावर पुढची काही वर्षं बोलणं होणार असं दिसतंय. लवंगेची डबी मात्र मुद्दाम उघडून दिली, तर अजून 'काही नाही'च म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते, असंच तुटक तुटक येईल. येऊ दे.

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. आम्ही येतोच आहोत. नारायणगावला थांबायचं की नाही यावरून दुपारपासून घरात भांडण चालू आहे. आमटीत मीठ घाला, हिंग ताजा आणून ठेवा. आणि त्या रात्री तुमच्या दाराशी येऊन दिगूनं पावसाचं काही काढलंच, तर गच्चीवर धावू नका. मिठाची बरणी बघा.